पंपाला पाणी कोण पाजणार?

मास्तर कपडे शिवत आणि सकाळी पंप चालू करत. यांतल्या दुसऱ्या कामाचा त्यांना जास्त अभिमान होता, असं त्यांच्या बायकोचं मत होतं.

परसातल्या विहिरीवरचा तो पंप रात्रभरात पाइपातलं सगळं पाणी खाली सोडून द्यायचा आणि सकाळी नुसता घुरघुरत बसायचा. मग मास्तर शिवणाच्या खोलीतला पत्र्याचा मग आणत, पाइपावरचं झाकण पान्याने काढत आणि मगामगाने पाणी ओतत. बुडबुडे थांबले की झाकण घट्ट, खटका चालू, आणि मास्तर पाइपावर तळवा ठेवून उभे. पाइप गार पडला म्हणजे पाणी आलं.

हे काम दुसऱ्या कुणाला करायची सोय नव्हती. बायकोने एकदा ओतलं तेव्हा, तू घाई करतेस, हवा कोंडते, असा शेरा मिळाला. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या नर्सबाईंना तर पंपाजवळ फिरकायचीही मुभा नव्हती.

अशात मुलीचा फोन आला. तिची बदली समुद्रकाठी झाली होती, घर ऐसपैस होतं, दोघंही आठवडाभर राहायला या म्हणत होती. बायकोने त्याच दुपारी माळ्यावरची बॅग काढून पुसली आणि उन्हात ठेवली. मास्तरांनी बॅगेकडे एकदा पाहिलं.

"पंपाला पाणी कोण पाजणार?"

याच प्रश्नापायी ती भावाच्या नव्या घरी एकटी जाऊन आली होती आणि बहिणीकडे गेलीच नव्हती. तू खुशाल जा, असं मास्तर आताही म्हणाले.

"मला एकटीला समुद्र बघायचा नाही," ती म्हणाली आणि तिने भाच्याला फोन लावला.

भाचा पाइपांचीच कामं करायचा. त्याने पंप ऐकला, पाइप ठोकला आणि निदान केलं. पाइपाच्या तळाशी एक झडप असते. ती पाणी वर येऊ देते, पण परत खाली जाऊ देत नाही. ती नीट मिटत नव्हती. पंपाचा काही दोष नाही, काका, असं तो म्हणाला. मास्तरांना ते पटलं नाही. पंपाचा स्वभावच तसा आहे, त्याला माणूस ओळखीचं लागतं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"मग आज त्याच्या पोटात काय आहे ते बघू," भाचा म्हणाला.

पाइप वर ओढायला चौघं लागली. नर्सबाईही पदर खोचून आल्या. भाच्याने धुण्याच्या दगडावर झडप उघडली. तिच्या कोपऱ्यात हिरवट काहीतरी रुतून बसलं होतं. त्याने ते पँटला घासलं. पितळी बटण निघालं, वर तुतारीचं चित्र.

मास्तरांनी ते तत्क्षणी ओळखलं. बँडवाल्यांचे कोट शिवले तेव्हा एक बटण कमी पडलं होतं. सगळं घर पालथं घातलं, आणि शेवटी ठपका बायकोच्या झाडूवर आला. त्याच दिवसांत पंपाचं वायसर बदललं होतं आणि एकदाच पाणी भरायचं होतं. मास्तर बटणं ठेवायचा हाच पत्र्याचा मग टेबलावर घाईघाईने पालथा करून घेऊन गेले होते. तळाशी चिकटलेलं एक बटण पाण्याबरोबर खाली गेलं, झडपेत बसलं, आणि एका दिवसाचं काम जन्माचं झालं.

"केरात गेलं होतं ना?" बायकोने शांतपणे विचारलं.

मास्तर मगाचा तळ बघत राहिले.

"रोग तुमचा, औषधही तुमचंच," भाचा म्हणाला. "मावशी मधल्यामध्ये घरी बसली."

झडपेला नवं रबर बसलं, पाइप खाली गेला. आता शेवटचं एकदा पाणी भरायचं होतं. भाच्याने मग मास्तरांपुढे धरला. त्यांनी तो बायकोच्या हातात दिला आणि ती ओतत असताना एक अक्षर बोलले नाहीत. त्यांना ते जड गेलं हे तिला दिसत होतं, म्हणून तिने जरा जास्तच सावकाश ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिने पाहिलं, मास्तर सवयीने मग घेऊन परसात गेले होते. त्यांनी खटका दाबला. पंप घुरघुरला नाही. तळव्याखाली पाइप लगेच गार पडला असावा, कारण त्यांनी हात दचकून उचलला आणि पुन्हा ठेवला. बराच वेळ ते तसेच उभे होते. आता नवी सबब काय निघते, याची वाट बघत तिने दूध उतू जाऊ दिलं.

मास्तर आत आले आणि थेट बॅगेपाशी बसले.

"हिच्या झाकणाला बटण नाही. अशीच नेणार होतीस?"

पितळी बटण त्यांनी स्वतः लावलं, दुहेरी दोऱ्याने, खाली कापडाचा तुकडा घालून. ओढून पाहिलं. मग गाडीची वेळ विचारली.

निघताना त्यांनी नर्सबाईंना पंपाजवळ बोलावलं आणि खटका कसा दाबायचा ते समजावून सांगितलं. एकदा सांगून समाधान झालं नाही म्हणून पुन्हा सांगितलं, आणि पाइपावर तळवा कुठे ठेवायचा तेही दाखवलं. नर्सबाईंनी सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं.

बॅग घेऊन बायको फाटकाशी उभी होती. तिला आता अजिबात घाई नव्हती.