ताईचं दार

माझ्या कथासंग्रहावर वेबमालिका निघाली, तेव्हा माझ्यापेक्षा जास्त हरखली ती ताई. संग्रहातली शेवटची कथा तिचीच. हात उचलणाऱ्या नवऱ्याला तिनं घराबाहेर काढलं. तो जिन्यात बसून रडत दार वाजवत राहिला आणि ते कानावर येऊ नये म्हणून ही आत शिलाई मशीन चालवत बसली. दार काही उघडलं नाही. एवढीच कथा.

दिग्दर्शकाला सगळं अस्सल हवं होतं, म्हणून शूटिंग ताईच्याच खोलीत झालं. तिचंच मशीन, तिचंच दार. तिनं हौसेनं गिऱ्हाइकांचे कपडे आवरून जागा करून दिली. शेजारणी जिन्यात गर्दी करून बघत होत्या.

मालिका आली तेव्हा आम्ही दोघी तिच्याकडेच बघायला बसलो. पडद्यावरच्या ताईनं मशीन थांबवलं, डोळे पुसले आणि दार उघडलं. नवरा गळ्यात पडला. वर व्हायोलिन. ताई उठली आणि दाराची कडी नीट लागलीय का ते बघून आली.

मी दिग्दर्शकाला फोन लावला. प्रेक्षकांना आशा लागते, म्हणाला. मार खाल्लेल्या बाईनं दार उघडण्यात कसली डोंबलाची आशा, असं विचारलं, तर तुम्ही लेखक फार मनाला लावून घेता म्हणे. वर, खोली किती खरी वाटते बघा, हेही ऐकवलं. त्याच्या त्या गुळगुळीत आवाजाची किळस आली मला. फोन ठेवून हात धुतले.

रविवारी मी ताईकडे होते, तर दाजी उगवला. इतक्या वर्षांनी, इस्त्रीचा शर्ट घालून, फुलं घेऊन. मागे शेजारणी. तेव्हा ताईच्या फाटलेल्या ओठावर बर्फ धरणाऱ्या, त्याच.

“उघड गं,” एक बाहेरून म्हणाली. “किती छान दाखवलंय. आम्ही सगळ्या रडलो.”

“तिथं माफ केलंस ना?” दाजीचा आवाज तसाच, रडका. “मग इथंही कर.”

माझं डोकंच फिरलं. बाहेर जाऊन एकेकीची हजेरी घ्यायची म्हणून मी तरातरा निघाले. ताईनं माझा दंड धरला.

“तुला बाहेर जायचं तर दार उघडावं लागेल,” ती म्हणाली.

मी खाली बसले. ताईनं मशीन सुरू केलं. सुईखाली कापड नव्हतं.