कार्डावरचा चेहरा

वेबसाइटच्या पानाला कपाळ असते. त्यावरच्या ओळी वाचकाला दिसत नाहीत. पानाचे नाव काय, ते कशाविषयी आहे, त्याची लिंक कुणी पाठवली तर सोबतच्या छोट्या कार्डावर कोणते चित्र उमटावे, हे त्या ओळी शोधयंत्रांना आणि व्हॉट्सॲपला सांगतात. त्यांना मेटा टॅग म्हणतात. अमरावतीत, राजापेठेतल्या एका खोलीच्या कार्यालयात, रागिणी अशा ओळी लिहीत असे.

दर्यापूरचे कुर्बानभाई पिंजारी तिच्याकडे आले ते लेक गजालाच्या हट्टापायी. हातांनी कापूस पिंजून रजया भरणे हे त्यांचे काम. त्या वर्षी बोंडअळीने शिवारे पोखरली होती आणि लग्नघरांनी नव्या रजया भरून घेणे सोडले होते. मुलगा साजिद, ‘अब्बा, हे काम मेलं आता,’ एवढे म्हणून सुरतेच्या यंत्रमागावर निघून गेला होता. तेव्हापासून बापलेकांत अबोला होता.

“बाहेरगावचं गिऱ्हाईक लागलं तं पोरगा वापस येईन,” कुर्बानभाई म्हणाले. “मले दुकान नाई चालवाचं बाई. मले पोरगा आनाचा हाय.”

रागिणीने मन लावून ओळी लिहिल्या. मालाआधी माणसावर विश्वास बसतो, म्हणून कार्डासाठी तिने त्यांचा चेहरा निवडला. गजालाकडे एकच स्पष्ट फोटो होता: पांढरी पार्श्वभूमी, समोर रोखलेली नजर. वर नाव आणि गाव. खाली वर्णन: ‘आयुष्यभर इतरांना ऊब देणारा माणूस’.

गजालाने सकाळीच ती लिंक तालुक्याच्या ग्रुपांवर टाकली. त्या वर्षांत त्या ग्रुपांवर सकाळ उजाडायची ती एखाद्या गेलेल्या माणसाच्या चेहऱ्याने. पांढरी पार्श्वभूमी, नाव, गाव, खाली एक ओळ. पुढचे कुणी वाचत नसे. बोटांनाच हात जोडण्याची सवय लागली होती. लिंक कुणीही उघडली नाही. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, ‘अल्लाह मगफिरत करे’ यांची रांग लागली. शेजारचे खुशालराव धावत दाराशी आले, तर कुर्बानभाई रजईला टाके घालत बसलेले.

“कुर्बान, लेका, तू तं मेला होता ना बे?”

“जाचं होतं, खुशालराव. पन धागा सरला नोता.”

दोघे हसले. हसताना खुशालरावांचे डोळे मात्र भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी, ते कार्ड पाहून निघालेला साजिद बडनेऱ्याला गाडीतून उतरून घरी आला. दारात पाय ठेवताच समोर बाप दिसला आणि त्याने चौकट धरली. कुर्बानभाई धडपडत उठले.

“आला का, बेटा!”

साजिद त्यांच्या खांद्यावर डोके टेकून लहान मुलासारखा रडला. कपड्यांवरचा कापूस त्याच्या ओल्या गालांना चिकटला. मग गजालाने सगळे सांगितले, आणि त्याचा चेहरा हळूहळू मिटत गेला.

“मले बलावासाठी हा खेळ केला तुमी?”

“भाई, चुकून झालं...”

“काम सोडून आलो मी. रातभर उभ्यानं.” पाणीही न पिता तो परत फिरला.

पुढे कुर्बानभाई अमरावतीला आले, तेव्हा रागिणीने माफी मागायला तोंड उघडले, तर त्यांनीच हात वर केला. “राहू द्या ना तो फोटू. त्यानंच तं पोरगा आला होता.”

“काका, लोक नाव शोधत नाहीत, वस्तू शोधतात,” ती म्हणाली. तिने पानाचे नाव बदलून ‘हातांनी पिंजलेल्या कापसाची रजई, दर्यापूर’ केले आणि चेहऱ्याच्या जागी निळ्या रजईचे चित्र दिले. तरी काही दिवस जुनेच कार्ड उमटत राहिले. एकदा उचललेले चित्र या यंत्रणा सहजी सोडत नाहीत. कुर्बानभाई रोज गजालाला लिंक पाठवायला लावत आणि विचारत, “हाव का अजून मी?” एके दिवशी ती म्हणाली, “नाई, अब्बा.” त्यांनी सुईत नवा धागा ओवला.

थंडीत नागपूरहून, पुण्याहून विचारणा येऊ लागली. गजालाने भावाला कळवले. उत्तर आले नाही.

मग एका पहाटे, फजरच्या नमाजानंतर, अर्धवट भरलेल्या रजईशेजारी कुर्बानभाई कलंडले ते उठलेच नाहीत. गजालाने भावाला तोच एक स्पष्ट फोटो पाठवला. पांढरी पार्श्वभूमी, खाली नाव. सुरतेत साजिद कारखान्याच्या दारात होता. ‘पुन्हा तेच,’ असे पुटपुटत त्याने फोन खिशात टाकला. मागांच्या खडखडाटात पुढचे फोन त्याला ऐकू आले नाहीत. संध्याकाळी तो बाहेर आला, तेव्हा दर्यापुरात दफन आटोपले होते.

काही दिवसांनी तो रागिणीसमोर येऊन बसला.

“ताई, त्या लिंकवर अब्बाचा फोटो परत लावा.”

“लोकांचा पुन्हा तोच समज होईल, भाऊ.”

“आता काय चुकीचा समज होनार हाय?”

तिने चित्राची ओळ बदलली. साजिदने स्वतःच्याच नंबरवर लिंक पाठवली. कार्ड उमटले: निळी रजई.

“लगेच बदलत नाही ते,” रागिणी हळूच म्हणाली. “थांबावं लागतं.”

“थांबतो ना मी.”

त्याने लिंक पुन्हा पाठवली. निळी रजई. बाहेर दर्यापूरच्या जीपवाल्याने हाका मारून प्रवासी भरले आणि जीप निघून गेली. साजिद उठला नाही. मान खाली घालून तो पाठवत राहिला, आणि प्रत्येक वेळी त्याच्या तळहातावर वडिलांनी भरलेली रजई उलगडत राहिली.