अर्ध्या वर्षाचा चषक

हुबळीच्या गिरणी इलेव्हनने १९७३ साली जिल्ह्याचा फुटबॉल चषक जिंकला. म्हणजे अर्धा जिंकला. धारवाडच्या विजय क्लबशी अंतिम सामना बरोबरीत सुटला, आणि अशा वेळी आपल्याकडे दोघांनाही विजेते ठरवून चषक सहा-सहा महिने वाटून देतात. नाणेफेकीत पहिले सहा महिने धारवाडला गेले. ज्याच्याकडे चषक असेल त्याने त्यावर आपलं नाव कोरून घ्यायचं, असा रिवाज.

गिरणीचे कॅप्टन भीमराव. त्यांनी सहा महिन्यांनी धारवाडला जाऊन चषक आणायचा, एवढंच काम होतं. पण तेव्हा डबल पाळ्या चालल्या होत्या, अंगात त्राण उरत नसे. या रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ, असं करता करता वर्ष सरलं आणि चषक तिसऱ्याच क्लबने जिंकून नेला. "आपला चषक कुठाय, अण्णा?" गोलकीपर गोपाळने विचारलं, तेव्हा भीमराव नुकते पाळीवरून आले होते. "देत नाहीत रे ते," एवढं बोलून ते आडवे झाले. दमलेल्या माणसाची ती एक थाप चौदा वर्षं टिकली.

१९८८ साली दक्षिण अमेरिकेत नवी स्पर्धा निघाली. खंडाचा चषक पूर्वी कधीतरी जिंकलेल्या क्लबांनाच तीत प्रवेश. असे क्लब तेरा. जिल्हा संघटनेचे सेक्रेटरी बाळाचार्य यांनी ही बातमी वाचली मात्र, त्यांच्या अंगात आलं. आपणही माजी विजेत्यांची स्पर्धा घ्यायची! तिकडची स्पर्धा दहा वर्षांत आटोपली, आमची एकाच वर्षात. पण ते असो. प्रवेशाला पुरावा म्हणून चषकावर कोरलेलं नाव हवं. नाव नसेल तर दुसऱ्या क्लबच्या कॅप्टनने साक्ष द्यायची.

गिरणी तोवर बंद पडली होती. क्लब तेवढा उरला होता आणि त्याला एकदा तरी विजेता म्हणून मैदानात उतरायचं होतं. म्हणून कोप्पीकर रोडवरच्या संघटनेच्या खोलीत भीमराव आणि अजूनही गोल राखणारा गोपाळ संध्याकाळी येऊन बसले. समोर विजय क्लबचे जुने कॅप्टन वादिराज.

"दोघंही विजेते की," वादिराज म्हणाले. "यांची लई वाट बघितली. पोस्टकार्डसुद्धा टाकलं. कोणी आलंच नाही बघा."

"थापा मारतोय," गोपाळ उसळला. "सांगा की अण्णा!"

हो म्हणणं सोपं होतं. वादिराज भिडस्त माणूस, गप्प बसले असते, सहीही केली असती. पण तीच थाप पुन्हा मारायची भीमरावांत आता ताकद नव्हती.

"मी गेलोच नाही, गोपाळ. दमलो होतो. गेलोच नाही."

गोपाळने वादिराजांकडे बोट दाखवलं.

"गिरणी बंद पडली तेव्हा धारवाडजवळ बेलूरच्या कारखान्यात यांनीच मला नोकरीला बोलावलं होतं. चषकचोराच्या हाताखाली नको म्हणून नाही म्हटलं मी. तुम्हाला विचारूनच नकार दिला, अण्णा. आज दुकानाच्या दारात राखण करत बसतोय. तेव्हा तरी सांगायचं होतं."

"तेव्हा दहा-अकरा वर्षं झाली होती रे. कुठल्या तोंडानं सांगणार?"

गोपाळ ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उठला, वादिराजांना हात जोडून "माफ करा" म्हणाला आणि जिना उतरून गेला.

बाळाचार्यांना यातलं काही फारसं कळलं नाही. साक्ष झाली, काम झालं. त्यांनी शिक्का मारला. "प्रवेश मंजूर! घ्या, अकरा नावं लिहा. पहिलं गोलकीपरचं."

भीमरावांना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी कागद ओढून घेतला आणि दुसऱ्या ओळीपासून लिहायला सुरुवात केली.