माती तुला न खावो

सोळाशे एकोणसत्तर साल निघालं की झांटे बेटाच्या धक्क्यावरचे म्हातारे जे सुटतात ते सुटतातच. मार्चमध्ये सिसिलीत डोंगर फुटला आणि विस्तवाची नदी गावंच्या गावं गिळत समुद्रापर्यंत गेली. जूनमध्ये फ्रेंच आमचं कांदिया शहर तुर्कांच्या वेढ्यातून सोडवायला आले, त्यांचा मोठा सरदार पहिल्याच हल्ल्यात धुरात शिरला तो शिरलाच, हाडूकसुद्धा मिळालं नाही. मग फ्रेंच आल्या वाटेनं परत गेले आणि सप्टेंबरात, एकवीस वर्षांच्या वेढ्यानंतर, व्हेनिसच्या सेनापतीनं शहराच्या किल्ल्या तुर्कांच्या हातात ठेवल्या. सगळं खरं आहे. मी होते तिथं. पण त्या साली मी जे केलं ते यांतला एकही म्हातारा सांगत नाही, कारण त्याचं पुढं काय झालं ते मीच कुणाला कधी सांगितलं नाही.

मी कालित्सा. तोंडानं फटकळ, लहानपणापासून. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, कालित्साचा शब्द लागतो. एकदा शेजारणीची कोंबडी माझ्या मसाल्याच्या वाफ्यात शिरली, तेव्हा मी म्हटलं, ‘तुझं अंडं पुन्हा दिसायचं नाही,’ आणि खरंच त्या कोंबडीनं मरेपर्यंत अंडं घातलं नाही. म्हातारी झाली होती हो ती! पण नाव माझं झालं. मला ते आवडायचंही, खोटं कशाला बोलू.

एर्गिना माझी धाकटी बहीण. तिचा नवरा बुरुजावर लढताना मेला. मागे राहिला एकुलता एक स्ताथिस, सहा वर्षांचा, पुढचे दोन्ही दात पडलेला. अडुसष्टच्या फेब्रुवारीत पावाच्या भट्टीच्या छपरावर तोफेचा गोळा पडला, त्यात तोही गेला. आमच्या गल्लीमागच्या छोट्या चर्चच्या अंगणात त्याला पुरला.

आमच्यात पुरलेलं माणूस तीन वर्षांनी उघडतात. तोवर मातीनं आपलं काम केलेलं असतं. मग हाडं वाइननं धुवायची, पिशवीत भरायची, आणि ती पिशवी घरच्यांची. कुठंही न्यावी. पण तीन वर्षं पुरी व्हायला हवीत. स्ताथिसला झाले होते एकोणीस महिने, आणि शहर सोडायला तहात आम्हाला मिळाले होते बारा दिवस.

एर्गिना पाद्री मकारिओसांकडे गेली. मीही बरोबर गेले.

‘पाद्रीबाबा, उघडू द्या ना त्याला,’ ती म्हणाली. ‘मला घेऊन जायचंय.’

‘पोरी, माती अजून जेवतेय. तिच्या पुढ्यातलं ताट ओढू नये.’

‘मग मी थांबते. होऊ दे तिचं जेवून.’

मला वाटलं, रागाच्या भरात बोलतेय. जहाजात चढायच्या दिवशी मुकाट येईल. मी तिचंही बोचकं बांधलं, तिची परात, तिचं पांघरूण, सगळं. बाराव्या दिवशी ती धक्क्यावर आली ती रिकाम्या हातांनी, मला निरोप द्यायला.

‘ताई, तू जा. मी राहते.’

‘राहते? कुणाजवळ? अख्खं गाव चाललंय, एर्गिना! मागं दोन पाद्री आणि मांजरं उरलीत.’

‘स्ताथिस आहे ना. त्याला एकटं ठेवून नाही येणार मी.’

‘अगं, तो काय आता उठून तुला हाक मारणार आहे? हाडं आहेत ती, हाडं!’

नुसती बघत राहिली माझ्याकडे. त्या बघण्यानं माझं डोकं फिरलं. एकवीस वर्षं गोळ्यांखाली तिला जपली, उंदीर शिजवून तिला घास भरवला, स्वतःच्या पोरांच्या आधी. आणि आता ही मला सोडून मेलेल्याजवळ राहणार! मी सगळ्यांसमोर ओरडले, ‘राहा तर मग! मातीचं एवढं प्रेम आलंय ना? माती तुला न खावो!’

दुसऱ्या मुलखात ‘माती खा’ म्हणून शिव्या देत असतील. आमच्याकडे ही शिवी आहे, आणि हिच्यापलीकडे शिवी नाही. ज्याला माती खात नाही तो विरघळत नाही, त्याला धड मरणही मिळत नाही. दिलेला शाप ज्याचा त्यानंच मागे घ्यायचा, दुसऱ्या कुणाला घेता येत नाही. धक्क्यावरच्या बायकांनी छातीवर क्रूस काढले. एर्गिनाचं तोंड पांढरं पडलं. मी जहाजात चढले आणि मागं वळून पाहिलं नाही.

झांटेत आम्ही बस्तान बसवलं. कप्तान झोर्झिस आमच्याकडचे मनुके घेऊन दर वसंतात कांदियाला जायचा, तिकडून तेल आणायचा. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात तो दारात आला.

‘तुझ्या बहिणीचा निरोप आहे. पोराला उघडलं. हाडं मधासारखी पिवळी, स्वच्छ निघाली. पिशवी तयार आहे. विचारतेय, ताईनं शब्द मागे घेतला का?’

‘तिला म्हणावं, आधी ये. समोर आलीस की घेईन.’

‘ती म्हणते, शाप अंगावर घेऊन समुद्रात पाय टाकला तर जहाज बुडेल. पोराची हाडं तळाला जातील. ताईच्या शब्दाला वजन आहे म्हणते.’

वजन आहे! ऐकून मी सुखावले, बघा. केवढी मूर्ख बाई.

‘मग बसू दे तिथंच,’ मी म्हटलं. ‘निरोपानिरोपानं शब्द मागे घ्यायला मी काय वकील लागून गेलेय?’

‘दोघी बहिणी आणि मधलं गाढव मी,’ झोर्झिस टोपी घालत म्हणाला. ‘एक शब्द सांग ना, कालित्सा. माझ्या जहाजात जागा पुष्कळ आहे.’

मी नाही सांगितला. पुढच्या वर्षी त्यानं पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा तेच उत्तर दिलं. घरात मात्र तिच्यासाठी ठेवलेली खाट रोज झाडायचे. तिची परात घासून ठेवलेली होती. नुसतं ‘घेतला’ म्हणायचं होतं मला. जीभ हासडून टाकावीशी वाटते आता.

बहात्तरच्या हिवाळ्यात एर्गिना तापानं गेली. कळलं ते वसंतात. मी रडले, मेलेल्याच्या नावानं चाळिसाव्याचा गहू शिजवून वाटला, आणि स्वतःची समजूत घातली की आता तरी ती पोराजवळ आहे.

शहात्तर साली झोर्झिस आला तो टोपी हातात धरून, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. तेव्हाच मला कळलं.

‘मकारिओसांनी उघडलं तिला,’ तो म्हणाला. ‘तीन वर्षं झाली म्हणून. कालित्सा, ती तशीच आहे.’

मी त्याच जहाजानं निघाले.

कांदियात आमची गल्ली होती, माणसं दुसरी होती. आमच्या दाराशी एक तुर्कीण मुलीची वेणी घालत बसली होती. तिनं मला पाण्याचा पेला दिला, मी काही न सांगता. मकारिओस फार वाकले होते. चर्चच्या अंगणात त्यांनी आणि झोर्झिसनं माती काढली. भर दुपार होती, सगळं लख्ख दिसत होतं.

एर्गिना होती. सुकलेली, काळवंडलेली, पण एर्गिनाच. कपाळावरचा रुमाल तिनं नेहमी बांधायची तसाच डावीकडे सरकलेला. हात पोटावर, आणि हातांखाली स्ताथिसची पिशवी. पिशवीवर वाइनचे डाग होते.

‘बोल बाई,’ मकारिओस म्हणाले. ‘तुझा शब्द तूच उचल.’

काय सांगू तुम्हाला! सात वर्षं जो शब्द ताठ्यानं धरून ठेवला, तो सोडायला तर मी समुद्र ओलांडून आले होते. आणि आता तोंड उघडेना. सात वर्षांनी मला माझी बहीण दिसत होती. तो शब्द उचलला की हा चेहरा जाणार, मीच त्याला जा म्हणायचं. मी म्हटलं, ‘जरा थांबा, मला बघू द्या.’ दोघंही थांबले. झोर्झिस पाठ फिरवून उभा राहिला.

मी खाली बसले, तिचा रुमाल नीट केला.

‘चुकले गं, एर्गिना,’ मी म्हटलं. ‘तू मला सोडलंस म्हणून बोलले, दुसरं काही नव्हतं. घेतला शब्द मागे. सगळा घेतला.’ मग मातीत हात घालून मोठ्यानं म्हणाले, ‘खा गं माझ्या बहिणीला. खा बाई, काही ठेवू नकोस.’

पहिली ओंजळ मी टाकणार, तेवढ्यात मकारिओस म्हणाले, ‘थांब. पिशवी काढून देतो. मुलाला नेतेस ना बरोबर?’

‘नको,’ मी म्हटलं. ‘तिला एकटी ठेवून नको.’

आणि स्वतः संध्याकाळच्या वाऱ्यानं जहाजात बसून परत आले.