पाच बोटांपाशी अडकलेलं चित्र

मी एक कोअर बोलतोय. नाव ऐकून बिचकू नका. संगणकाच्या मेंदूचा मी आठवा हिस्सा. आम्ही आठ भावंडं नखाएवढ्या एका चकतीवर जन्मलो, तोंडावळ्याने अगदी सारखी. त्यात राबणं माझ्याच नशिबी यावं, याला काय म्हणायचं?

आमचं यंत्र एका वृद्धाश्रमात जिन्याखालच्या कपाटात बसवलं. तिथल्या म्हाताऱ्यांचं मुलाबाळांशी होणारं बोलणं परक्याच्या कानी पडू नये, म्हणून ते तुकड्यातुकड्यांनी, आकड्यांच्या कुलपात बंद होऊन ये-जा करायचं. आलेली कुलपं उघडायची, जाणाऱ्यांना घालायची, एवढंच काम. पण ऑपरेटिंग सिस्टिम नावाचा आमचा कारभारी मोठा शिस्तीचा. एका वाटेचं काम एकाच्याच हाती, म्हणजे तुकड्यांचा क्रम चुकत नाही, हा त्याचा नियम. आश्रमाची वाट एकच होती आणि ती माझ्या गळ्यात पडली. माझी भावंडं वाईट नव्हती हो, त्यांना कुणी हाकच मारली नाही.

एरवी निभायचं. रविवारी दुपारी मात्र सगळ्यांच्याच लेकी-सुनांना एकदम माया दाटून येई आणि माझा जीव मेटाकुटीला येई. रांग दाराबाहेर गेली, की मागचे तुकडे न उघडताच फेकून द्यावे लागत. बोलणाऱ्यांचं त्यात फारसं अडत नसे. दोनदा विचारायचं, झालं.

शिंपीकाकांचं अडायचं. ते जन्मापासून बहिरे, आणि लिहिण्यावाचण्याशी त्यांचं कधी जमलं नव्हतं. दूर राहणारी त्यांची एकुलती एक लेक पडद्यावरून त्यांच्याशी हातांनीच बोले. चित्र अडकलं, की काकांचा शब्दच गेला. मग ते चष्मा पुसून पडद्याजवळ सरकत. दर रविवारी ते एकच विचारत, कधी येशील? आणि दर रविवारी लेक सांगे, अजून रजा नाही.

आश्रम सांभाळणाऱ्या मेट्रनबाईंनी अडकणाऱ्या चित्राची तक्रार केली. यंत्र सांभाळणाऱ्याला सगळे तारवाला म्हणत. माणूस कामसू, पण पायाला भिंगरी. त्याने आकडा पाहिला आणि म्हणाला, "बाई, हे जेमतेम बारा टक्के राबतंय. नुसतं लोळत पडलंय. लाईनचंच काहीतरी असणार."

तो आकडा आठांची सरासरी होता. मी शंभर टक्के राबत होतो, बाकीचे सात जवळजवळ रिकामे. माझा घाम आठांत वाटला गेला आणि कुणाच्याच अंगावर दिसला नाही. मला फार वाईट वाटलं, पण मला तोंड कुठे आहे?

पुढच्या रविवारी काकांनी पुन्हा तेच विचारलं. लेकीने हात वर केला, आणि नेमकी तेव्हाच माझ्या दारात झुंबड उडाली. चित्र थिजलं. तिचा उघडा पंजा, पाचही बोटं ताठ, काकांच्या समोर. मग लाईनच तुटली.

बाईंनी खुणेने विचारलं, काय म्हणाली? काकांनी तसाच पंजा वर केला आणि हळूच खाली घेतला. पुरे. आता विचारू नका. त्यांना तोच अर्थ लागला, बाईंनाही तोच. त्यानंतर काका वरच्या खोलीतून खाली उतरले नाहीत. ताट तसंच परत येऊ लागलं. गुरुवारी सकाळी ते उठलेच नाहीत.

शुक्रवारी लेक आली, हातात बॅग घेऊन. तारवाला तेव्हा कपाट उघडून उभा होता, म्हणून मला ऐकू आलं. ती बाईंना म्हणाली, "पुरे कशाला म्हणेन मी? पाच म्हटलं होतं. पाच दिवसांनी येते म्हटलं होतं."

तारवाल्याने त्या दिवशी पहिल्यांदा आम्हा आठांचे आकडे वेगवेगळे उघडून पाहिले. माझ्यापाशी येऊन तो थांबला आणि जमिनीवरच बसला. मग त्याने एका वाटेच्या आठ वाटा केल्या, एकेकाला एकेक. आता रविवारी माझ्या एकट्यावर भार नसतो, चित्र कधी अडकत नाही.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. सगळ्यांचं मिळून बरं चाललंय असं कुणी सांगितलं, तरी एकेकाला विचारत जा.

त्या पाच बोटांनंतरही लेक पुष्कळ बोलली होती म्हणे, हसत हसत. ते सगळं माझ्या दारापर्यंत आलं होतं. मी ते उघडलंच नाही.