मनगटावरचा वळ

वायरमन काकांच्या टाचेची जखम हळूहळू भरू लागली होती. घरोघरी जाऊन ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण पट्टी बांधून ती उठत होती, तेवढ्यात काकांची बाही वर सरकली आणि डाव्या मनगटावर लालसर वळ दिसला. बांगडी घातल्यासारखा, चहूबाजूंनी गोल.

"हे काय झालं हो काका?"

काकांनी आधी दाराकडे पाहिलं. जन्मभर लोकांच्या घरांत वायरिंग केलेला हा माणूस विसरण्याच्या आजारामुळे आता स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा अंग चोरून बसायचा. 

"ती बाई बांधते मला," ते कुजबुजले. "कुठे बोलू नका. माझ्या मुलीचे कपडे घालून फिरते ती."

ती बाई म्हणजे त्यांची मुलगीच. ती लगेच आत आली. दाराशीच उभी होती की काय, कोण जाणे. तिने वडिलांची बाही खाली ओढली.

"कुठेतरी घासलं असेल. एक मिनिट स्वस्थ बसत नाहीत."

घासल्याचा वळ असा गोल नसतो, हे सिस्टर बोलली नाही. पण त्या दिवसापासून तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. आधी न दिसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. काकांच्या खोलीला कडी बाहेरून होती. मुलगी त्यांना सिस्टरपाशी एकटं सोडायची नाही. भर उकाड्यातही मुलीच्या कुडत्याच्या बाह्या पार पंजापर्यंत. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने तर एकदा जिन्यातच गाठलं.

"म्हातारबा दुपारचे ओरडतात हो. आणि मग एकदम चिडीचूप. मला तर त्या चिडीचूपचीच धास्ती वाटते. गोळ्याबिळ्या देत नसेल ना ती?"

पुढच्या खेपेला सिस्टरने गप्पा मारता मारता औषधांची पाकिटं पाहून घेतली. त्यात वावगं काही नव्हतं. मुलगी मात्र बघत होती.

"सिस्टर, हल्ली तुम्ही जखमेपेक्षा आमचं घरच जास्त तपासता."

"सवय असते हो आमची," सिस्टर म्हणाली आणि तिचे कान गरम झाले.

सिस्टरने आपल्या वरच्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "संशय असेल तर कळवावंच लागतं. पण आधी खात्री कर बाई. एकदा चौकशी लागली की त्या घरात तुला कोणी उभं करणार नाही."

म्हणून एका दुपारी ती न कळवता गेली. बेल वाजेना, जुन्या सवयीने काकांनी ती खोलून ठेवली असणार. दार ठोठावलं, हाका मारल्या. आतून हूं नाही की चूं नाही. शेजारणीकडे जादा किल्ली होती. ती तर जणू वाटच बघत होती. दोघी आत शिरल्या.

काका पलंगावर उठून बसले होते. त्यांच्या मनगटाला गाऊनचा कापडी पट्टा बांधलेला होता. पट्टा पलंगावरून खाली गेला होता आणि त्याचं दुसरं टोक जमिनीवर मेल्यासारख्या झोपलेल्या मुलीच्या मनगटाला होतं. बाही कोपरापर्यंत गेलेली, आणि तिचा वळ काकांच्या वळाहून गडद.

काकांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. दमलीये बिचारी. कुणाची आहे कोण जाणे."

शेजारणीच्या हातातली किल्ली पडली आणि मुलगी धडपडून उठली.

"कोण? तुम्ही? आत कशा आलात?" मग तिचं लक्ष पट्ट्याकडे गेलं. ती घाईघाईने तो सोडवू लागली.

शेजारणीला खाली पाठवून सिस्टर जमिनीवरच बसली. मुलीने सुटलेला पट्टा गोळा करून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मागे माझा डोळा लागला तर यांनी चमच्याने मेन बोर्ड उघडला. कोंडून ठेवलं की दार बडवून हात सोलून घेतात. असं बांधलं की निदान ओढ बसल्यावर मला जाग येते. मी कधी सलग झोपले, आठवत नाही."

"भाऊ आहे ना तुम्हाला?"

"दादा? तो फोन करतो. बाबा कसे आहेत, विचारतो."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुम्ही कळवणार ना हे?"

"हो," सिस्टर म्हणाली. "बांधणं चालणार नाही. हे असे पडले तर हात मोडेल. पण काय कळवते ते तुमच्यासमोरच कळवते."

तिने तिथूनच मॅडमना फोन लावला. मारहाण नाही, उपासमार नाही; सांभाळणारं माणूस एकटं आहे आणि त्याला झोप नाही, असं सांगितलं. मग मुलीकडून नंबर घेऊन दादालाही लावला. तो "सुट्टीचं बघतो" म्हणायला लागला, तसा सिस्टरचा आवाज चढला.

सगळं झटपट काही झालं नाही. चौकशीला दोन बायका आल्या, त्यांनी कपाटंसुद्धा उघडून पाहिली. मुलीने ते दात-ओठ खात सोसलं. मेन बोर्डला कुलूप बसलं. अंथरुणावरून उठलं की वाजणारी चटई आली. दिवसा काकांना सांभाळणाऱ्या केंद्रात जागा मिळायला बरेच आठवडे लागले. दादा मात्र आला. काकांनी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं, "मीटर बघायला आलात का? मग बघा आणि निघा." तो हसला. तिसऱ्या दिवशी हसायचा बंद झाला.

टाच पूर्ण भरली त्या दिवशी सिस्टर शेवटची आली. काका केंद्रात जायला बूट घालून तयार होते.

"खरं सांगा," मुलगी म्हणाली, "मी बाबांना छळते असंच वाटलं होतं ना तुम्हाला?"

"वाटलं होतं."

"माझा राग अजून गेलेला नाही."

"नसू दे. मीही चिडले असते."

मुलीने काकांच्या बुटाची नाडी बांधली. तिच्या बाह्या आज दुमडलेल्या होत्या. सिस्टरने पिशवी उचलली.

"आणि दार जरा हळू लावा हं," मुलगी म्हणाली. "रात्रभर जागून दादा आत्ता झोपलाय."