बाबाच्या पेटीतलं तीर्थ

"आठ दिवस झाले! घ्या वास!"

अणदूरच्या बाजारात बाबानं पितळी पेटीतून मटणाचा तुकडा वर धरला, तशी माणसं एकमेकांच्या अंगावर पडाय लागली. चैताचं ऊन. मी खाटीक, सकाळी कापलेलं मटण दिवस मावळायच्या आत घाण मारतं हे मला ठावं. आन् ह्याचं आठ दिवस ताजं?

मला बसवंना. माझी बहीण कमल, ओली बाळंतीण, तापानं फणफणली होती. तिच्या सासूनं, विठाबाईनं, काल ह्याच पेटीतला तुकडा आणून पळसाच्या पानात देव्हाऱ्यापाशी ठेवलेला. ताप उतरावा म्हणून आज दुपारी तो कमलला कच्चाच भरवायचा. विस्तव लागला की सिद्धी जाती, हा बाबाचा हुकूम.

सकाळी सांगून बघितलं, "मावशी, फेका ते."

"वास येतोय का? तुझा धंदा बसला म्हणून जळतोस व्हय रं, उत्तरेश्वर?"

म्हणून बाजारात आलो.

"मरण हरलं! मांस अमर झालं!" बाबा वरडत होता. "तीर्थ घ्या, तीर्थ!" पेटीखालून पाणी ठिबकत होतं, लोक ओंजळी धरून पीत होते. म्याबी ओंजळ धरली. हात बधिर झाला, जिभेला लाकडाचा भुसा लागला.

अरं तिच्या! लढाईच्या काळात पुण्याला पलटणीच्या बर्फखान्यात तीन वर्सं बोकडं टांगलीत म्या. तोच गारठा, तोच भुसा. रोज सकाळी सोलापूरच्या मोटारीतून बाबाचं ओलं पोतं का उतरतं, ते आत्ता कळलं.

"बाबा, एक तुकडा भायेर ठेवा. उन्हात मंत्र घाला."

"नास्तिका, जीभ झडंल तुझी!"

"झडू द्या." म्या पेटीवरचं घोंगडं वढलं, वरचं ताट उचललं. खाली भुशात बर्फाची लादी, त्यात मेणानं तोंड बंद केलेला मटणाचा डबा.

समदे वाकून बघाय लागले. मग कुणीतरी म्हणालं, "बर्फानं का हुईना, शुद्ध तर ऱ्हायलं!"

"न्हाय बाबांनो! थंडीत जंतू मरत न्हाईत, आखडून बसत्यात. बंद डब्यात नवे शिरत न्हाईत, एवढंच. भायेर काढलं की पुन्हा वाढत्यात. काही जंतूंचा तर वासबी येत न्हाय. पलटणीचा डाक्टर आमाला रोज हेच बजवायचा."

बर्फाचा खडा उचलून पळत सुटलो. विठाबाई पान हातात घेऊन कमलच्या उशाशी बसलेली. तिच्या तळहातावर खडा ठेवला.

"हे बाबाचं तीर्थ, मावशी. तुमचा तुकडा ह्याच्याबिगर रातभर समईच्या उबेला ऱ्हायलाय."

ती खड्याकडं बघत ऱ्हायली. तो विरघळून मनगटावरनं वघळत गेला. मग तिनं पान मिटलं आन् म्हणाली, "खोल खड्डा घे. कुत्र्याच्याबी तोंडी लागू नये." आन् पदर तोंडाला लावून रडाय लागली.

तसंच कमलला बैलगाडीत घालून तुळजापूरच्या दवाखान्यात नेलं. पंधरवड्यानं ती चालत घरी आली. बाबा मात्र बाजाराच्या दिवशीच पळाला, पेटी इथंच टाकून.

लोकहो, देवाला हात जोडा, माझी ना न्हाय. पण पेटीला हात जोडायच्या आधी तिचं झाकण उघडून बघा.